एचबीच्या रकान्यातून संशोधन शिकताना

सरकारी आरोग्यसेवेत संशोधन म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: एमडीचा प्रबंध, नाहीतर वरून आलेला सर्व्हेचा फॉर्म. नाशिक शहरात 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तरी संशोधन कॉलेजातली माणसं करतात आणि आपण फक्त आकडे पाठवतो, ही समजूत प्राथमिक आरोग्य केंद्रांत घट्ट बसलेली. आम्ही बारा जणांनी, म्हणजे पाच वैद्यकीय अधिकारी, चार सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), दोन आरोग्य सेविका आणि एक लॅब टेक्निशियन, जून ते पुढचा मे या काळात गरोदर मातांच्या हिमोग्लोबिनच्या (एचबी) नोंदींचा एक छोटा अभ्यास पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहिला. त्यासाठी वेगळी सुट्टी कोणालाच नव्हती. ओपीडी, लसीकरण सत्रं, महिनाअखेरचे अहवाल सगळं चालू ठेवून, महिन्यातले दोन शनिवार दुपारनंतर. कुठे किती वेळ गेला, कुठे अडलो आणि कोणता कागद आधी हाताशी असता तर बरं झालं असतं, ते क्रमाने लिहितो.

जूनच्या शेवटच्या शनिवारी पहिली बैठक. प्रत्येकाने आपला विषय चिठ्ठीवर लिहून आणायचा होता. आलेल्या चिठ्ठ्या अशा: ‘आदिवासी भागातील कुपोषण’, ‘सिकलसेलबाबत जनजागृती’, ‘आशांच्या समस्या’. सगळे विषय महत्त्वाचे, पण यात प्रश्न एकही नाही. ज्याचं उत्तर एका कोष्टकात मावतं तो प्रश्न, बाकी सगळा निबंध. मग प्रत्येक चिठ्ठीला तीन गोष्टी विचारल्या. याचं उत्तर आपल्याच केंद्रातल्या कागदांवरून मिळेल का? मिळालं तर आपल्या हातातलं काही बदलता येईल का? आणि खिशातून फारसे पैसे न घालता वर्षात होईल का? तिन्ही ठिकाणी ‘हो’ म्हणणारी चिठ्ठी एकच उरली, तीही एका आरोग्य सेविकेची. तिने फक्त इतकंच लिहिलं होतं: ‘एचबी कमी येतं, पण पुन्हा कोण बघतं?’

या एका ओळीचा अभ्यासाचा प्रश्न करायला तीन बैठका, म्हणजे दीड महिना गेला. शेवटी तो असा झाला: मागच्या आर्थिक वर्षात चार उपकेंद्रांत नोंदलेल्या गरोदर मातांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन चारही तपासण्यांना मोजून लिहिलं गेलं, आणि ज्यांचं 11 ग्रॅमच्या खाली होतं त्यांपैकी किती जणींचं पुढच्या तपासणीत पुन्हा मोजलं गेलं? गरोदरपणात 11 च्या खाली रक्तक्षय आणि 7 च्या खाली तीव्र रक्तक्षय, ही सीमा सगळ्यांना पाठ. 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची गोळी रोज एक, किमान 180 दिवस. रक्तक्षय असेल तर दोन. आणि उपचार सुरू करून महिन्याभरात एचबी 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवायचं, हेही प्रशिक्षणात ऐकलेलं. पण ‘वाढलं नाही’ हे कळायला दुसऱ्यांदा मोजावं लागतं. आमचा सगळा अभ्यास त्या दुसऱ्या मोजणीवर उभा होता.

ऑगस्टमध्ये रिकामी कोष्टकं काढली. नवख्यांना एकच युक्ती सांगायची झाली तर हीच सांगेन. आकडा गोळा करण्याआधी निकालाची कोष्टकं आखायची: डावीकडे उपकेंद्र, वर पहिली, दुसरी, तिसरी, चौथी तपासणी, सगळे चौकोन कोरे. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये 46 रकाने होते. शिक्षण, जात, नवऱ्याचा व्यवसाय, घरात संडास आहे का, असं काय वाट्टेल ते. कोरी कोष्टकं पुढे ठेवली आणि प्रत्येक रकान्याला विचारलं, ‘तू यातल्या कुठल्या चौकोनात जाणार?’ उत्तर न देणारे रकाने काढून टाकले. उरले 17. सगळ्यात जास्त हळहळ संडासाच्या रकान्याची झाली. का, ते अजून कळलेलं नाही.

नमुना किती घ्यायचा यावर एक अख्खी दुपार गेली. सूत्र (95 टक्के खात्री आणि 5 टक्के चूक धरून) सगळ्यांना ऐकून माहीत: 1.96 चा वर्ग, गुणिले 0.5, गुणिले 0.5, भागिले 0.05 चा वर्ग. उत्तर 384. पण चार उपकेंद्रांत मिळून वर्षाच्या नोंदीच 240 च्या आसपास. एवढ्या लहान गटासाठी दुरुस्ती करायची असते: 384 भागिले (1 अधिक 383 भागिले 240). येतात 148. मग 148 निवडायच्या कशा, चिठ्ठ्या टाकून की दर दुसरी, यावर वाद रंगला. शेवटी लॅब टेक्निशियन म्हणाला, ‘अहो, 240 च आहेत ना? सगळ्याच घ्या की.’ तेच बरोबर होतं. नोंदी थोड्या आणि हाताशी असतील तर नमुना निवडायच्या भानगडीत पडू नये.

याच काळात वाचन चालू होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम डॉक्टरांना सोपा गेला, सिस्टरांना इंग्रजीमुळे जड. म्हणून शनिवारी एक जण एक पाठ मराठीत सांगायचा आणि बाकीच्यांनी आपल्या उपकेंद्रातलं उदाहरण द्यायचं, असं ठरलं. ‘बायस’ला, म्हणजे माहितीच एका बाजूला झुकण्याला, मराठी शब्द शोधत बसलो नाही. ‘जी बाई कॅम्पला येते तिचंच एचबी आपण मोजतो, जी येत नाही तिचं कमी असेल तर?’ एवढं एक वाक्य पुरलं.

आता परवानगीबद्दल, कारण वर्षातला सगळ्यात मोठा तुकडा इथेच गेला. कागद दोन प्रकारचे. एक, रजिस्टर वापरायला प्रशासकीय परवानगी. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. दोन, नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात माणसांचं हित जपलं जातं ना हे पाहणाऱ्या समितीची, मान्यता. आपल्याच सेवेतल्या नोंदी आहेत, मग मान्यता कशाला, असा प्रश्न आमच्यातल्या निम्म्यांना होता. महिन्याच्या अहवालासाठी तीच माहिती वापरली तर ते कामकाज. तीच माहिती अभ्यास म्हणून मांडायची, छापायची, तर आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीपुढे जावंच लागतं. समिती निवडताना ती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी पाहा. 2019 च्या नियमांनी ते बंधनकारक केलंय. आणि मान्यता मागच्या तारखेने मिळत नाही. आधी माहिती गोळा करून मग अर्ज केला, तर समिती दारातूनच परत पाठवते, चांगली नियतकालिकंही तेच करतात.

फाइलमध्ये लागलेले कागद: अभ्यासाचा आराखडा, माहिती उतरवण्याचा फॉर्म, सगळ्या संशोधकांचे एकेक पानी परिचय, प्रशासकीय परवानगीची प्रत, खर्चाचा अंदाज, हितसंबंध नसल्याचं निवेदन, आणि मातांची संमती न घेण्याबद्दलचा सकारण अर्ज. 38 पानांच्या 14 प्रती, झेरॉक्स दोन रुपये पान, म्हणजे 1064 रुपये. स्पायरलचे 560. समितीने आमच्याकडून शुल्क घेतलं नाही, काही समित्या घेतात. आधी फोन करून विचारा. दुसरी चौकशी अशी करा की पुढची बैठक कधी आणि त्याच्या किती दिवस आधी फाइल लागते. आम्ही ते विचारलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाइल दिली, त्या महिन्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती, पुढची बैठक दिवाळीनंतर. विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते.

समितीपुढे वीस मिनिटं मिळाली. सांख्यिकीवर एकही प्रश्न आला नाही. खरा प्रश्न विचारला समितीतल्या बिगर-वैद्यकीय सदस्याने: रजिस्टर चाळताना 6 ग्रॅमची बाई सापडली, आणि ती अजून गरोदर आहे, तर तुम्ही तिची नोंद फॉर्मवर उतरवून पुढे जाणार? आमच्या आराखड्यात याचं उत्तर नव्हतं. मग दोन बदल केले. अभ्यास सुरू होण्याआधी ज्यांचं बाळंतपण होऊन गेलंय त्यांच्याच नोंदी घ्यायच्या. आणि तरीही कोणी हाती लागलीच, तर त्याच दिवशी त्या केंद्राच्या डॉक्टरला कळवायचं, याची लेखी पद्धत. दुसरी दुरुस्ती अशी की फॉर्मवर नाव, नवऱ्याचं नाव, पाडा यातलं काही नको, फक्त सांकेतिक क्रमांक; क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या कपाटात. नोंदी जुन्या, धोका नगण्य, नावं काढलेली, म्हणून संमतीची अट शिथिल झाली. मान्यतेचं पत्र हातात आलं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता.

त्या पत्रानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने ‘हा आकडा 9 आहे की 7?’ म्हणून रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅप गटावर टाकला. पानावर वीस बायकांची नावं. लगेच काढला, पण बारा फोनांवर तो उतरलेला होता. प्रत्येकाने गॅलरी उघडून पुसला. तेव्हापासूनचा नियम: रजिस्टरजवळ फोन उलटा ठेवायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला 20 नोंदींवर फॉर्म वापरून पाहिला. ही चाचणी टाळू नका. आमच्या 17 पैकी 6 रकाने इथेच बदलले. एकाच बाईचं एचबी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं: ‘10’, ‘10 ग्रॅ.’, ‘10.2’. रिकामी जागा म्हणजे मोजलं नाही, की मोजलं पण लिहिलं नाही, की एचबी मोजायच्या मशीनच्या पट्ट्या संपल्या होत्या? रजिस्टर सांगत नाही. पहिलटकरणी बाळंतपणाला माहेरी जातात, त्यामुळे एकच बाई सासरच्या उपकेंद्रात आणि माहेरच्या उपकेंद्रात अशी दोनदा नोंदलेली. आरसीएच क्रमांक (माता-बाल नोंदणीत प्रत्येक मातेला मिळणारा) जुळवून पाहिला नसता तर तीच दोनदा मोजली गेली असती. आणि पेठ-सुरगाण्याकडचा नेहमीचा प्रकार: भात निघालं की कुटुंबंच्या कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. माता-बाल संरक्षण कार्ड बाईबरोबर जातं, रजिस्टर इथे राहतं. तिसरी-चौथी तपासणी बागेजवळच्या केंद्रात झाली असेल, तर आपल्या रजिस्टरमध्ये ती ‘झालीच नाही’. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात ‘बाहेरगावी’ असं लिहिलंय का, याचा वेगळा रकाना घातला. तो नसता तर आमचा निष्कर्ष सिस्टरांवर अन्याय करणारा निघाला असता.

डिसेंबर-जानेवारीत प्रत्यक्ष उतरवणी. एका नोंदीला सरासरी सात मिनिटं, 240 ला 28 तास. आपल्या उपकेंद्राचं रजिस्टर आपण उतरवायचं नाही, अदलाबदल करायची, असं ठरलं होतं. कारण स्वतःचं अक्षर वाचताना माणूस जे लिहिलेलं नाही तेही वाचतो. पण एका उपकेंद्रावर रजिस्टर मागितलं तर दोन आठवडे मिळेना. कधी कपाटाची किल्ली नाही, कधी सिस्टर मीटिंगला. शेवटी सरळ विचारल्यावर कळलं की ही चौकशी आहे असा समज झालाय. चूक आमची. परवानगीचं पत्र वरून खाली गेलं, माणसं गेली नाहीत. मग चारही उपकेंद्रांत जाऊन बसलो, कोरी कोष्टकं दाखवली, निकालात उपकेंद्रांची नावं न देता अ, ब, क, ड लिहिणार हे लिहून दिलं. हे जूनमध्येच करायला हवं होतं. रजिस्टर दुसऱ्या दिवशी मिळालं.

आता एचबीच्या त्या रकान्याबद्दल. लॅब टेक्निशियनच्या सांगण्यावरून वहीच्या एका पानावर 0 ते 9 असे दहा उभे रकाने आखले आणि दशांशात लिहिलेल्या प्रत्येक एचबीतला शेवटचा आकडा पाहून त्या-त्या रकान्यात काडी मारत गेलो. डिजिटल मशीन एक दशांश दाखवतं, त्यामुळे दहाही आकडे साधारण सारखे यायला हवेत, प्रत्येकाच्या वाट्याला दहातली एक काडी. पान भरत आलं तसं 0 च्या खाली काड्यांची गंजी उभी राहिली, 5 च्या खाली तिच्याहून लहान. 3 आणि 7 च्या खाली चार-दोन काड्या. खोलीतलं बोलणं थांबलं. कोणी कोणाला काही म्हटलं नाही, कारण त्या काड्या सगळ्यांच्याच होत्या.

मग एकेक कारण निघालं. मशीन एकच, ते केंद्रावर, तपासणी अंगणवाडीत. आकडा चिठ्ठीवर आणि रजिस्टर संध्याकाळी, तेव्हा 9.8 चं 10 होतं. पट्ट्या संपल्यावर साहलीच्या नळीने मोजलं, तिथे रंग डोळ्यांनी जुळवायचा, अर्धा-एक ग्रॅम इकडे-तिकडे होणारच. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की पावसाळ्यात ओल धरते. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, किंवा थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं, की रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा हे गर्दीत राहून जातं. नुसतं ‘मागचंच असेल’ म्हणून लिहिलेलंही काही असणार. तेही बोललं गेलं, आणि ते बोलणारी माणसं गटात होती म्हणूनच बोललं गेलं.

या पानामुळे अभ्यासाची दिशा बदलली. किती टक्के मातांना रक्तक्षय आहे, हेही छापायचं आमच्या मनात होतं. ते काढून टाकलं. गोल केलेल्या आकड्यांवरून 10.9 आणि 11 मधली रेघ मारणं म्हणजे धूळफेक. मोजलं की नाही आणि पुन्हा मोजलं की नाही, एवढंच आमचे कागद खात्रीने सांगू शकत होते, तेवढंच ठेवलं.

फेब्रुवारीत संगणक. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं एपी इन्फो हे सॉफ्टवेअर आम्हाला फुकट मिळालं, तेच वापरलं. तीन खड्डे सांगतो. एक, रिकाम्या एचबीला आम्ही 99.9 असा संकेत दिला होता. तो वगळायचा राहिला आणि सरासरी एचबी 21 ग्रॅम आलं. दोन, एक्सेलमध्ये 05/07 हे एका लॅपटॉपवर पाच जुलै तर दुसऱ्यावर सात मे. दोन तपासण्यांमधलं अंतर काही ठिकाणी उणे निघालं तेव्हा लक्षात आलं. दिवस, महिना, वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. तीन, एकदाच भरलेल्या माहितीवर विसंबू नका. दोघांनी स्वतंत्रपणे भरून फायली ताडून पाहा, आणि फरक सापडला की अंदाज न करता कागदी फॉर्म काढा.

विश्लेषण म्हणाल तर टक्केवारी आणि तिचा विश्वासार्हतेचा पट्टा, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, बस्स. 100 पैकी 30 म्हणजे 30 टक्के, पण पट्टा 21 ते 39. हे एकदा पाहिलं की दोन उपकेंद्रांतल्या पाच टक्क्यांच्या फरकावरून भांडण होत नाही. टक्केवारीखाली छेद, म्हणजे एकूण किती जणींपैकी, लिहायचाच. गटात दहा-बारा बायका असतील तर टक्के नकोत, सरळ ‘12 पैकी 5’ लिहा. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, एकाच कोष्टकाला काढली. सॉफ्टवेअर हाताशी आलं की प्रत्येक रकान्याची प्रत्येक रकान्याशी गाठ मारायचा मोह होतो. वीस गाठी मारल्या तर नुसत्या योगायोगाने एखादी ‘लक्षणीय’ निघण्याचीच शक्यता जास्त.

लेखनाला मार्च-एप्रिल गेले. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची 22 मुद्द्यांची यादी आहे, नेहमीच्या नोंदींवरच्या अभ्यासांसाठी तिची रेकॉर्ड नावाची पुरवणी. त्या समोर ठेवून लिहिलं. लेखक कोण, यावर तणाव झाला, तो लपवत नाही. कामात नसलेलं एक नाव घाला असं सुचवलं गेलं, आणि दोन्ही आरोग्य सेविकांना ‘आभारात घेऊ’ असंही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे लेखकत्वाचे चार निकष मराठीत करून भिंतीवर लावले: कामात मोलाचा वाटा, लेखनात किंवा तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. सुचवलेलं नाव गळलं, सेविका राहिल्या. हे निकष जूनमध्येच सह्या घेऊन ठेवले तर वाद उद्भवतच नाही. ‘सात दिवसांत छापतो, एवढे पैसे भरा’ अशा ईमेल येऊ लागतील. त्या उघडूही नका. आमचा लेख परीक्षणासाठी गेलाय, उत्तर अजून नाही.

मेच्या मासिक सभेत लेख वाचला नाही. एका पानावर मोठ्या अक्षरात चार मराठी वाक्यं आणि काड्यांच्या त्या पानाची झेरॉक्स, एवढंच ठेवलं. त्यावर सुचलेला उपाय वैद्यकीय अधिकाऱ्याचा नव्हता. सिस्टर म्हणाल्या, शिक्का करा. ‘पुन्हा एचबी, ता. ____’ असा रबरी शिक्का, 180 रुपयांना एक, चार उपकेंद्रांना 720. एचबी 11 च्या खाली आलं की रजिस्टरवर आणि कार्डावर, दोन्हीकडे मारायचा. कार्ड बाईबरोबर द्राक्षबागेत गेलं तरी शिक्का तिथल्या सिस्टरला दिसेल. त्यावरून पुढचा प्रश्न निघाला: कार्डावर शिक्का असलेल्या किती जणींचं एचबी बागेजवळच्या केंद्रात खरंच मोजलं जातं? त्याची कोरी कोष्टकं काढून झालीत.

दुसरा गट जूनच्या शेवटच्या शनिवारी बसेल. त्यात येणार असाल तर लॅपटॉप आणू नका. आपलं मागच्या वर्षीचं एक रजिस्टर उपकेंद्रातच बसून चाळा आणि त्यातला सगळ्यात जास्त रिकामा राहिलेला रकाना कोणता, तेवढं चिठ्ठीवर लिहून आणा.